शक्यता नाकारता येत नाही

अल् खुवैर, मस्कत
३ मार्च १९९६

खुदेजा,

सलाम लिहितो, घ्यायचा तर घे, नाहीतर कागद चुलीत घाल. चार वर्षं झाली, ना तुझी ओळ ना माझी. तू धाकटी, तेव्हा पहिलं पत्र तुझं यायला हवं होतं असं मी काल फरिदाला म्हणालो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवरा तिचा गेला, आणि पत्रही तिनंच लिहायचं काय?" तुझ्या भावजयीचं तोंड तुला माहीत आहे. त्या तोंडाला कंटाळून लिहायला बसलोय.

आम्ही मस्कतला येऊन सात महिने झाले. जहाज सोडलं मी. उभी हयात बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर घालवली, आता टगबोटींच्या एका कंपनीत देखरेखीचं काम करतो. ऑफिस इथं अल् खुवैरला, वर्कशॉप गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत. सकाळी थंड खोलीत बसून सह्या करायच्या आणि दुपारी गालाच्या भट्टीत जाऊन दोर ओढणाऱ्या विंचांचे दाते मोजायचे. शर्ट दिवसातून तीनदा पिळून निघतो. समुद्र ऑफिसच्या खिडकीतून दिसतो, पण नोकरी अशी की त्याला पाय लागत नाही.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, माणूस वाईट नाही. पण माझ्या बर्फाचं त्याला भारी वेड. कोणी पाहुणा आला की मला खाली बोलावतो. "हा बघा, दक्षिण ध्रुवाकडचा कप्तान," असं सांगतो, आणि ग्लासातला बर्फ खळखळवून म्हणतो, "कॅप्टन, हा फोडून दाखव." पाहुणे हसतात, मीही हसतो. मग वर येऊन तोंड धुतो. आठवड्यातून दोनदा हे होतं आणि प्रत्येक वेळी मला शिसारी येते.

लोकांना वाटतं, जहाज बर्फ सुरीसारखा कापत जातं. तसं काही नसतं. जहाजाचं नाक बर्फावर चढतं आणि जहाज आपल्या वजनानं बर्फ मोडतं. मग मागे यायचं, पुन्हा जोर करून चढायचं. आत खलाशांना वाटतं, डोक्याशी कोणी पिंप बडवतंय. अकरा-बारा दिवस असं चाललं की माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. तशात तुझा तय्यब खालच्या स्वयंपाकघरात घुसून तांदळाच्या भाकऱ्या थापायचा, सोबत गावची सुकट. परदेशी इंजिनियर नाकाला रुमाल लावून यायचे आणि दोन-दोन भाकऱ्या हाणून जायचे.

त्याला खलाशांचा सारंग म्हणून मीच आणला होता, हे तू मला ऐकवणार. आणला होता. डेकवरची बावीस माणसं त्याच्या एका शिटीवर हलायची. असा सारंग मला पुन्हा मिळाला नाही, हे मी कोणालाही सांगेन.

गावात लोक काय बोलतात ते फरिदाच्या माहेराहून आमच्या कानावर येतं. तय्यब दारू पिऊन बर्फावर उतरला आणि बुडाला, असं. मी "दारू प्यालेला होता" असं कुठंही लिहिलेलं नाही. तो गेल्यावर तुला आलं ते पत्र कंपनीचं होतं, मी नुसती सही केली. कंपनीची इंग्रजी वेगळी असते. शाळेतल्या मास्तरांनी तुला त्यातून काय वाचून दाखवलं ते अल्ला जाणे.

अमरीन आता चौदा वर्षांची असेल. तिला माझी दुवा सांग.

गुलजार


अल् खुवैर
२१ नोव्हेंबर १९९८

खुदेजा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, तेव्हा ते तुझ्या घरात आहे असं मी धरून चालतो.

परवा दार्सैतला आपल्या मराठी लोकांनी कोकण मेळावा भरवला. खाली उतरलो तेव्हा कृष्णमंदिराकडून येणारे आणि मशिदीकडून येणारे एकाच टपरीवर चहा घेत उभे होते. तेवढं बरं वाटलं. त्यापुढचं सगळं ओकारी आणणारं. माझा सत्कार होता. शाल, नारळ, आणि एक पितळी पाटी, तिच्यावर "ध्रुववीर कॅप्टन गुलजार परकार". वीर. मला हार घालणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात फ्रीजमधल्या बर्फाखेरीज बर्फ पाहिला नसेल, पण माझ्या शौर्यावर ते वीस मिनिटं बोलले. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, नम्र आहे.

मग म्हणाले, एखादा किस्सा सांगा. आणि मी काय सांगितलं माहीत आहे? तय्यबच्या बांबूचा किस्सा.

तुला तो बांबू ठाऊक आहे. तुम्ही लहानपणापासून ओहोटीला खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला जायचात तेव्हा तो पुढं बांबू मारत चालायचा, आणि चिखल कुठं पाय धरेल, कुठं कमरेपर्यंत गिळेल ते त्याला आवाजावरून कळायचं. तोच बांबू त्यानं जहाजावर आणला होता. जहाज बर्फाला लागलं की बर्फावर माणूस उतरवण्याआधी ड्रिलनं भोकं पाडून जाडी मोजायची, दर दहा पावलांवर एक, असा कंपनीचा नियम. त्यात तास जातो. पहिल्या मोसमात ड्रिल बिघडलं, तेव्हा तय्यब बांबू घेऊन उतरला आणि दहा मिनिटांत वाट आखून दिली. नंतर ड्रिलनं तपासलं तर वाट बरोबर. तेव्हापासून माझं सुरू झालं. परदेशी लोकांपुढं छाती काढून सांगायचं, "तुमच्या यंत्रापेक्षा आमच्या खाडीचा बांबू शहाणा." दोन मोसम मी बांबूवरच काम चालवलं. एक तास वाचतो, आणि आपल्या माणसाची शानही राहते.

हे सगळं मी मंचावर रंगवून सांगितलं. हॉल हसून लोळला. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत आमची रुबिना मागं बसली होती. आता अकरावं सरून बारावं लागलंय तिला, शाळेत सगळं इंग्रजीत चालतं, आपली भाषा बोलताना अडखळते. कुरुमच्या चढावर म्हणाली, "डॅड, ते बांबूवाले… ते फुपा होते ना?" मी हो म्हटलं. "ते तर डाइड ना, आइसमध्ये? मग तुम्ही ते का नाही बोललात? सगळे लाफ करत होते." फरिदानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मी रेडिओ लावला.

आता तुला कळलं की तो बर्फावर नेहमी उतरायचा आणि मला ते माहीत असायचं. म्हणजे परवानगी असायची. त्या दिवशीचं वेगळं होतं. त्यावर आज लिहायला नको.

ती पाटी मी गाडीच्या डिकीत ठेवली आहे. घरात आणवत नाही आणि फेकवतही नाही. फेकली तर कोणीतरी विचारेल.

गुलजार


अल् खुवैर
९ जून २००१

खुदेजा,

मला भिकाजी भेटला.

तुला आठवेल, पलीकडच्या वाडीतला भिकाजी. आमच्या जहाजावर क्रेन चालवायचा. सारंग गेल्यावर दोन महिन्यांत त्यानं दर्या सोडला. तो इथं गालात निघाला, आमच्याच वर्कशॉपपासून चार गाळे सोडून, वेल्डिंग करतो. आमच्या विंचचा ड्रम चिरला होता, तो दाखवायला मी स्वतः गेलो. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली आणि माझ्याकडं बघत राहिला. मी हात पुढं केला. त्यानं हातमोजा काढलाच नाही.

म्हणाला, "कॅप्टन, विंच ठेवा. संध्याकाळला नेवा."

मी म्हटलं, भिकाजी, अरे ओळखलंस ना?

"वळाखलंय म्हणून तं," तो म्हणाला. मग ज्योत बंद केली आणि हळू आवाजात बोलला. जोरात बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमचो सत्कार झालो, पेपरात फोटू बघितलाय. माझ्या खोलीत रामकृष्ण म्हणून पोरगो हाय, त्यानं दाखवलान. मी त्याला सांगितलंय, ह्या मानसाचो फोटू माझ्यासमोर आनू नको. क्रेनचा पिंजरा मी खाली सोडलाय त्या दिवशी. तुमी काय बोललात ते वायरलेसवर मी ऐकलंय. सारंगाची बायको आमच्या बाजारात येते तवा बाया बाजूला सरकतात, माझी आय सांगते. मी नऊ वर्षं गप ऱ्हायलो, कारन तुमी मला केपटाऊनला सांगितलात, गप ऱ्हा. आता मला माझीच लाज वाटते. तुमाला नाय वाटत?"

मी विंच उचलायला ड्रायव्हरला सांगितलं. दुसरीकडं नेला. सगळ्या गालात वेल्डर काय कमी आहेत.

घरी येऊन जेवलो नाही. फरिदा म्हणाली, काय झालं. मी तिला सांगितलं, आणि खुदेजा, तिला नऊ वर्षांत मी पहिल्यांदा सांगितलं. ती उठून आत गेली आणि रुबिनाच्या खोलीत झोपली. आज सहावा दिवस, अजून तिथंच झोपते. जेवण वाढते, बोलत नाही.

तिला सांगितलं ते तुला सांगायला हवं. हुकूम माझा होता. तय्यब परवानगीशिवाय उतरला नाही. मी उतरवला.

आज एवढंच लिहवतं. पुढचं चार दिवसांत लिहितो.

गुलजार


अल् खुवैर
१७ जून २००१

खुदेजा,

चारचे आठ दिवस झाले. पाच कागद फाडले. पाचांमध्येही मी बरा माणूस दिसत होतो. हा सहावा.

चोवीस जानेवारी ब्याण्णव. तिकडं जानेवारीत सूर्य मावळत नाही, सकाळ झाली की नाही ते घड्याळच सांगतं. नऊ वाजले होते. अकरा दिवस बर्फ फोडत आम्ही किनाऱ्याच्या पक्क्या बर्फाशी पोचलो होतो. मोहिमेचं सामान उतरवायचं होतं, तेलाची पिंपं, झोपड्यांचे पत्रे. हवेचा दाब उतरत चालला होता आणि मोहिमेचा प्रमुख माझ्या मागं उभा राहून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. आदल्या वर्षी मी सामान चार दिवसांत उतरवलं होतं. या वर्षी मला तीन दिवसांत उतरवून दाखवायचं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच हवं होतं.

ड्रिलवाला माणूस बूट बांधत होता. मी म्हटलं, राहू दे, सारंगाला पाठवा.

तय्यब खाली न जाता वर ब्रिजवर आला. सगळ्यांसमोर मला "भाई" कधी म्हणायचा नाही, जहाजावर मी कॅप्टनच. त्या दिवशी भाई म्हणाला. "भाई, आज बर्फाचा रंग बरा नाही. निळा नाय, करडा दिसतो. भोकं पाडून बघूया."

त्यानं स्वतः ड्रिल मागितलं, खुदेजा. हे वाचून पत्र खाली ठेवलंस तरी पुढचं वाच.

मी हसलो. तो माझ्या बहिणीचा नवरा, त्याची थट्टा करायचा मला हक्कच. सगळे ऐकतील असं बोललो, "काय सारंग, म्हातारा झालास? का आमच्या खुदेजाच्या हाताखाली राहून पाय लटपटायला लागले?" आपली चार माणसं होती ब्रिजवर, ती हसली. परदेशी लोकांना काही कळलं नाही, तरी तेही हसले. तय्यब पण हसला. मेहुण्यानं चारचौघांत असं म्हटल्यावर आपल्याकडचा कुठला पुरुष ड्रिल मागत बसेल? बांबू घेऊन तो पिंजऱ्यात चढला. कमरेला दोर बांध असं मी म्हटलं नाही. दोर बांधायला लावला असता तर बांबूवर माझा भरवसा नाही असं दिसलं असतं.

भिकाजीनं पिंजरा खाली सोडला. तय्यब बांबू मारत निघाला. दहा पावलं. बांबू थांबत होता, म्हणजे खाली कठीण होतं. त्यानं वर बघून हात केला. मी वायरलेसवर म्हटलं, "चल पुढं, तुझी खाडीच आहे ती." अजून दोन पावलं गेला आणि दिसेनासा झाला. ओरडला नाही. बांबू तसाच उभा होता.

चिखल खाली जावं तसा घट्ट होत जातो. उन्हानं कुजलेला बर्फ उलटा असतो, वर वाऱ्यानं घट्ट बसतो आणि खालून सडतो. त्या कवचावर बांबू थांबतो, माणूस थांबत नाही. हे कप्तानाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मला पाठ होतं. तय्यबला पुस्तक माहीत नव्हतं, तरी रंग बघून त्याला कळलं. ज्याला कळायला हवं होतं तो थट्टा करत होता.

आम्ही दोन तास शोधलं. बर्फ सरकला आणि भोक मिटलं.

आता त्या पत्राचं. केपटाऊनला कंपनीचा चौकशी करणारा माणूस आला. गोड बोलणारा. म्हणाला, खलाशांना बिअरचा वाटा मिळतो ना? मी म्हटलं, सगळ्यांना मिळतो. म्हणाला, सारंगाला पण? मी म्हटलं, मिळतो, पण तो आपला वाटा दुसऱ्याला देतो. तो म्हणाला, "देताना तुम्ही रोज बघितलंय?" मी म्हटलं, रोज नाही. "मग तो प्यालाच नसेल असं छातीठोक सांगता येईल?" मी खिडकीबाहेर बघितलं. बंदरात संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या. मी म्हटलं, छातीठोक नाही सांगता येणार. त्यानं लगेच लिहून घेतलं: "मयत परवानगीशिवाय बर्फावर उतरला. तो दारूच्या अमलाखाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." मी सही केली. माझं लायसन्स वाचलं आणि कंपनीही सुटली. तय्यबनं बिअरची बाटली हातात धरली की नंतर हात साबणानं धुवायचा, हे मी स्वतः बघितलेलं होतं.

सही करून मी त्याच्याबरोबर जेवलो. मासा चांगला होता. ते आठवलं की मला माझीच किळस येते. अंगावर पाल चढावी तशी किळस, आणि ती झटकता येत नाही.

गुलजार


अल् खुवैर
३० ऑक्टोबर २००३

खुदेजा,

अमरीनचं जमलेलं मोडलं असं फरिदाला कळलं. मुलाकडच्यांनी शेवटी तेच काढलं, बाप दारू पिऊन मेला. फरिदा दोन वर्षांनी माझ्याशी तीन वाक्यं एका दमात बोलली. "ती पोर बापाचा चेहरा नीट आठवत नाही म्हणते. लोकांना मात्र बाप आठवतो. तुमच्या एका सहीनं." मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली.

मी वकिलातीत जाऊन कागद केला. सगळं लिहून, शिक्क्यानिशी. हुकूम माझा होता, त्यानं ड्रिल मागितलं होतं, तो दारूला शिवत नव्हता, पहिला अहवाल खोटा. भिकाजीची साक्ष खाली आहे. सहीला आला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही, सही करून गालाच्या टॅक्सीत बसून गेला. प्रत कंपनीला पाठवली. कंपनी आता दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली आहे, त्यांनी कळवलं, पत्र मिळालं, आभारी आहोत. लायसन्स मी स्वतः परत केलं. अर्बाबला सांगितलं तेव्हा त्यानं हातातली जपाची माळ खाली ठेवली. मग रिसेप्शनमधला जहाजाचा फोटो उतरवायला सांगितला. मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं होतं.

तो कागद तुला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला, आणि अकरा वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं. दोन ओळी. "कागद मला नको. तय्यब प्यालेला नव्हता, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गावाला माहीत नाही. जुम्याला ये आणि मशिदीत सांग."

खुदेजा, मी यायला तयार आहे. पण रमजान सुरू आहे, त्यात कशाला. मग टगबोटींची वार्षिक तपासणी येते. माझा गुडघाही… हे मी काय लिहितोय ते मला दिसतंय. ओळ खोडत नाही, तुला दिसू दे. दोन मीटर बर्फात जहाज घातलेला माणूस आपल्या गावच्या मशिदीच्या पायऱ्यांना घाबरतो.

तिकीट काढलं. जानेवारीत येतो.

गुलजार


अल् खुवैर
१८ जानेवारी २००४

खुदेजा,

तू अंगणात होतीस. मी रिक्षातून उतरलो तेव्हा तू बघितलंस. मशिदीकडं गेलो, परत आलो, तेव्हाही तू तिथंच होतीस. तू आत ये म्हटलं नाहीस आणि मीही थांबलो नाही. म्हणून आत काय झालं ते लिहितो, तुला बायांकडून कळलं असेल तरी.

खुतब्याच्या प्रवचनानंतर नमाज झाली आणि बाबामियाँनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. ऐंशी पार आहेत, अजून जमातीचे प्रमुख तेच. ब्याण्णव साली बातमी आली तेव्हा तय्यबच्या, प्रेताविना पढायच्या गायबाना जनाज्याच्या नमाजेला अकरा माणसं उभी राहिली होती. बाबामियाँ तेव्हा घरी बसून होते, दारुड्याच्या नमाजेला मी उभा राहणार नाही म्हणून. माझ्यासाठी त्यांनी पुढं जागा केली.

मी उभा राहिलो. कागद वाचला नाही, तोंडी सांगितलं. हुकूम माझा, थट्टा माझी, सही माझी. तय्यब दारूला शिवत नव्हता. तुम्ही माझ्या सहीवर विश्वास ठेवलात आणि एका पाक माणसाला बारा वर्षं बदनाम केलंत, त्याबद्दल मी जमातीची माफी मागतो. एवढंच. मागं कोणीतरी हुंदका दिला. पंखे फिरत होते.

मग ज्यांनी तेव्हा पढली नव्हती ते सगळे उठले. रांगा पायऱ्यांपर्यंत गेल्या. बाहेर चपलांमध्ये उभं राहून लोकांनी नमाज पढली, तुझ्या तय्यबसाठी. मी शेवटच्या रांगेत होतो. हे झालं, आणि हे खरं झालं, ते तुला माझ्याकडूनही कळावं.

त्यानंतरचं ऐक. बाबामियाँ माझ्या गळ्यात पडले. रडले. म्हणाले, "अरे गुलजार, खरं बोलायला काळीज लागतं. तू शेर आहेस." आणि रांग लागली. लोक माझे हात हातात घेत होते, डोळ्यांना लावत होते. जमातीनं तय्यबबद्दल जे केलं होतं त्याचं कोणाला काही नाही. माझ्या हिमतीचं कौतुक चाललं होतं. कोणीतरी शिरखुर्मा आणला. दार्सैतच्या हॉलमध्ये शाल होती, इथं शिरखुर्मा. मला मळमळलं. मी बाहेर येऊन विहिरीमागं ओकलो, खरंच ओकलो. लोक म्हणाले, प्रवासाचा शीण.

माझ्या नशिबी कौतुकच लिहिलंय की काय कोण जाणे. माणूस मारला, कौतुक झालं. खोटं बोललो, तेव्हा नोकरी टिकली. खरं बोललो, पुन्हा कौतुक. एवढी घाण अंगाला लागूनही वास फक्त मलाच येतो.

तू एकटीनंच माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंस, जसं बघायला हवं. त्याचाच आधार वाटतो. अमरीनचं पुन्हा कुठं बघताय का, कळव.

गुलजार


६ मार्च २००४

गुलजारभाई,

तुझी सहा पत्रं माझ्याकडं आहेत. सगळी वाचली, काही दोनदा. अमरीनचं जमलं, गुहागरचा मुलगा आहे, शाळेत शिकवतो. त्याच्या घरचे स्वतःहून आले. तिच्या बापाचं नाव पत्रिकेत घालणार आहोत, मरहूम तय्यब म्हणून, मोठ्या अक्षरात. तुझ्या बोलण्यानं ते झालं. तेवढं मी मानते.

गावातल्या बाया आता बाजारात माझ्या शेजारी येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, खुदेजा, भावाला माफ केलंस की नाही? इतक्या मोठ्या मनाचा भाऊ. मी सांगते, त्यानं जमातीची माफी मागितली, जमातीनं दिली.

मी परत सगळी पत्रं काढून बसले. तुला शिसारी आली, तुला मळमळलं, तुला किळस आली, तू ओकलास, फरिदाभाबी तुझ्याशी बोलत नाही, तुझं लायसन्स गेलं. सगळं लिहिलंस. माझा नवरा कसा मेला तेही लिहिलंस, ते वाचून मी दोन दिवस अन्न घेतलं नाही. पण सहा पत्रांत एकदाही तू मला लिहिलं नाहीस की खुदेजा, माझं चुकलं. तुझी माफी मागतो असं एका ओळीत नाही. मी शोधलं. मागून-पुढून शोधलं.

मागितली असतीस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण कोणी मागितलीच नाही, तर मी देऊ काय?

लग्न दहा एप्रिलला आहे. फरिदाभाबीला आणि रुबिनाला पाठव. तू येऊ नकोस.

खुदेजा